पदराखालची कोंबडी

माझे हात गप्प बसत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत, बँकेच्या रांगेत, बसच्या सीटवर, कुठंही. शाळेतल्या एक बाई मला म्हणायच्या, "तुम्ही बोलताय की माश्या हाकताय?" मी त्यांना सांगायची, आमच्या घरात दोन भाषा आहेत, एक तोंडाची आणि एक हाताची, आणि मला दोन्ही येतात. तोऱ्यातच सांगायची. आजही सांगते. फक्त दोन्ही एकदम येतात का, असं कुणी विचारलं की मी जागेवरून उठते आणि दुसरंच काहीतरी काम काढते.

घर निपाणीचं. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल, आई दारात बसून बिड्या वळायची. थोरला अण्णा लहानपणी तापानं फणफणला आणि त्या तापात त्याचे कान गेले. त्याच्या पाठची मी. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्या फोटोखाली पुढं माझं बी.ए.चं सर्टिफिकेट लागलं. आमच्या गल्लीतलं ते पहिलं. आप्पांनी त्याला काच घालून आणली. येईल त्याला आधी फोटो दाखवायचे, मग सर्टिफिकेट दाखवायचे, मग मला. "ही आमची पोरगी. इंग्लिश बोलती, कानडी बोलती. लई बोलती." अण्णा तिथंच बसलेला असायचा. त्याच्याबद्दल काय सांगायचं हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

हाताची भाषा सुरुवातीला घरातच तयार झाली. अंगठा बोटावर घासला की आई, कारण बिडी तशीच वळतात. मानेमागं तळवा मारला की आप्पा, कारण तंबाखूचं बोद, म्हणजे भरलेलं मोठं पोतं, उचललं की त्याचा भार तिथं यायचा. शिंकेची नक्कल केली की निपाणी. वखारीच्या रस्त्यानं परका माणूस शिंकल्याशिवाय जायचा नाही. मग अण्णा बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेला. तिथं वर्गात खुणा करायला बंदी. मास्तर ओठांसमोर कागदाची पट्टी धरायचे आणि 'प' म्हणताना पट्टी हलली पाहिजे म्हणायचे. वर्गाबाहेर मात्र पोरं आपापल्या गावच्या खुणा एकत्र करत होती. अण्णा तोंडात चार शब्द आणि हातात अख्खा बाजार घेऊन परत आला. बेळगाव म्हणजे कुंदा खाऊन बोट चाटायचं. माझं नाव त्यानं नवीन ठेवलं. चार बोटं आणि अंगठा जुळवून कानापाशी उघडझाप. म्हणजे चोच.

आई आणि शेजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसायच्या. पानं, जर्दा, दोरा यात दोन्ही हात अडकलेले. अण्णा पुढ्यात उभा राहून काही सांगायला लागला की त्यांना हातानं उत्तर देता यायचं नाही. मग त्या हनुवटी वर उडवून तोंडानंच विचारत बसायच्या. "काय रं? कोण आलंय? जाडा हाय? मिशा हायत? मामा व्हय?" बरोबर ओळखलं की अण्णा टाळी वाजवायचा, चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायचा. त्याला ऐकू येत नव्हतं, पण हनुवटी उडाली की प्रश्न आलाय एवढं त्याला कळायचं. दुपार अशी निघून जायची आणि बिड्या कमी पडायच्या नाहीत.

आप्पा त्यात नसायचे. त्यांच्याकडं अण्णासाठी ये, जा, उचल आणि जेव एवढ्याच खुणा होत्या. बाकी सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांग, सायकल आत घे." "त्याला सांग, केस काप." अण्णा पुढ्यात असला तरी आप्पा बघायचे माझ्याकडं. मी सांगायची. कॉलेजात जायच्या आधीपासून मी त्या घराचं तोंड होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

ऐंशीच्या आसपास मला बेळगावात एका शाळेत नोकरी लागली, आणि अण्णाला जवळच मच्छ्याला एका कारखान्यात लेथवर. भावा-बहिणीनं मिळून बेळगावातच अनगोळात एक खोली घेतली. रविवारी अण्णाचे मित्र जमायचे. कुणी शिंपी, कुणी छापखान्यात, एक जण कंग्राळीचा, घरची शेती करणारा. सगळे बहिरे. खोलीत इतका गलका व्हायचा आणि आवाज एकच, पातेलं पडल्याचा. घरमालकीण म्हणायची, "तुमच्याकडं माणसं येतात का भुतं?"

या पोरांना नाटक करायचं होतं. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर त्यांना भेटले. सगळे त्यांना सर म्हणायचे. सर ऐकू येणारे होते, भले होते आणि हट्टी होते. नाटक पोरांनीच रचलं. बेळगावहून निपाणीला जाणारी एस.टी., तिच्यात एक कंडक्टर आणि नाना तऱ्हेचे प्रवासी. अण्णाला त्यात म्हातारी मिळाली. म्हातारी पदराखाली कोंबडी लपवून नेते आहे आणि कंडक्टरला संशय आलाय.

कोंबडी म्हणजे अण्णाचा डावा हात. मनगट मान, बोटं चोच. खरं पीस नाही, काही नाही. ती पदरातून डोकं बाहेर काढायची, इकडंतिकडं टकाटका बघायची, उजवा हात तिला आत ढकलायचा. कंडक्टर विचारायचा, काय आहे? म्हातारी उजव्या हातानं सांगायची, पोटात कळ आलीया. तेवढ्यात आतून कोंबडी टोचायची आणि म्हातारी टुणकन उडायची. मग एकदम सगळं शांत. म्हातारीचे डोळे गोल व्हायचे. काहीतरी ऊबदार लागतंय. हात सावकाश पदराखाली जायचा, मूठ बाहेर यायची, उघडायची, आणि त्या मोकळ्या तळहातावर अंडं असायचं. मी डोळ्यांनी बघितलंय. म्हातारी ते अंडं कंडक्टरच्या हातात ठेवायची, कोंबडीचं तिकीट म्हणून. त्या जागी अण्णाला हशा पाहिजे होता. तो सांगायचा, "लहानपणापासनं लोक माझ्याकडं बघून हसत्यात. मी काय केलं म्हणून हसत्यात ते मला कधीच कळत न्हाय. एकदा तरी मी म्हणंन तवा हसू दे." खुणांचं मराठी मी माझ्या परीनं करते आहे. हातात ते याहून थोडक्यात होतं.

आता यात मी कुठं? सर म्हणाले, "बाई, सभागृहातला एकही माणूस उपाशी उठता कामा नये. बहिऱ्यांना हात पाहिजेत, ऐकणाऱ्यांना आवाज पाहिजे. तुम्हाला दोन्ही येतं. तुम्ही पुढच्या कोपऱ्यात उभ्या राहा आणि जे घडतंय ते बोलून आणि खुणेनं, दोन्ही एकदम सांगा." मी लगेच हो म्हटलं. दोन्ही येणारी माझ्याशिवाय होतीच कोण?

तालमीत पहिल्या दिवशी कळलं की माझे पाय एका जागी राहत नाहीत. तोंडाला घाई आणि हाताला वेगळी घाई. हातात आधी जागा मांडावी लागते: इथं बस, इथं म्हातारी, इथं कोंबडी. मग कोण काय करतं ते. मराठी वाक्य तसं चालत नाही, ते कुठूनही सुरू होतं आणि क्रियापद खिशात ठेवून शेवटी काढतं. मी तोंडानं वाक्य बोलत राहिले की हात त्या वाक्यामागं फरफटत यायचे, अर्ध्या खुणा गाळून. हात नीट करावेत तर तोंडातून तुटके शब्द पडायचे, "बस... म्हातारी... आत... कोंबडी..." सर म्हणायचे, "बाई, वाक्य पूर्ण करा." कंग्राळीचा पोरगा माझी नक्कल करायचा. दोन चुलींवरची दोन कालवणं दोन हातांनी ढवळावीत आणि तोंडानं कुत्र्याला हाकलावं, अशी. सगळे लोळायचे. मी त्याला म्हटलं, "तू करून दाखव की मग." त्यानं स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला आणि परत हसला.

बेळगावच्या प्रयोगाला सभागृह अर्धं भरलं. सरांनी बहिऱ्यांना डावीकडच्या बाकांवर बसवलं आणि ऐकणाऱ्यांना उजवीकडं, म्हणजे मला दोन्हीकडं बघायला सोपं. मी मराठीत सुरुवात केली आणि मागून एक आवाज आला, "कन्नडदल्ली हेळ्री!" कानडीत सांगा. लगेच दुसरा, "का म्हणून? मराठीतच होऊ द्या!" बेळगावात हे नवं नाही. मी म्हटलं, "एरडू हेळ्तीनि, दोन्हीत सांगते," आणि सांगायला लागले. आता तोंडात दोन आणि हातात एक. डाव्या बाकांवरच्या पोरांना हा काय दंगा चाललाय ते कळेना. मी त्यांना खुणेनं सांगितलं, "भांडण. कुठल्या आवाजात बोलायचं यावरून." ती पोरं एकमेकांकडं बघून इतकी हसली की मागचे दोघेही गप्प झाले.

कोंबडीची जागा आली. अण्णा रंगात होता. नऊवारीत तो आमच्या एका चुलतीसारखा दिसत होता. कोंबडीनं टोचलं, म्हातारी उडाली, सगळं शांत झालं. त्याचा हात पदराखाली जायला लागला आणि मी ठरलेलं वाक्य ठरलेल्या जागी बोलले, "आणि म्हातारीच्या पदराखाली कोंबडीनं अंडं घातलं!"

उजवी बाजू फुटली. अण्णाचा हात अजून पदराखालीच होता. त्यानं ती उघडी तोंडं बघितली. डावीकडं बघितलं, तिथं कुणीच हसत नव्हतं, ती पोरं उजवीकडच्यांकडं बघत होती, काय झालं म्हणून. त्यानं पदर बघितला. कासोटा सुटला की काय म्हणून मागं हात नेऊन चाचपला. त्यावर उजवीकडं आणखी हशा. मग त्यानं मूठ बाहेर काढली आणि उघडली, भाजी निवडून टाकल्यासारखी. डावीकडच्यांनी तेव्हा पाय आपटले, बाकं वाजवली, पण त्यानं मान वर केली नाही. पुढचं सगळं नाटक त्यानं नुसत्या बोटांनी उरकलं.

सर डोळे पुसत आले. "बाई, काय हशा! पाहिलंत?" मी पाहिलं होतं. अण्णा तोवर लुगडं सोडून सदऱ्यावर बाहेर पडला होता.

आम्ही अनगोळच्या बसमध्ये भांडलो. त्यानं हात पसरून हवेतनं काहीतरी ओरबाडल्यासारखं केलं आणि माझ्या तोंडात कोंबलं. "माझं हसू तू खाल्लंस."

मी म्हटलं, "माझा आवाज नसता तर ती माणसं खोकत बसली असती. चहाला उठून गेली असती."

"जाऊ दे गेली तर. चहा घेऊन येतील."

"येणार न्हायत. तुला ठाऊक हाय येणार न्हायत. आणि वाक्य तिथंच बोलायचं सरांनी ठरवलंतं, मी न्हाय."

"सर बहिरे हायत काय? तू बहिरी हाईस काय? मग तुम्ही कसं ठरवता?"

रागात माझा आवाज आपोआप बंद झाला होता. नुसते हात चालले होते आणि हात एकदम चोख चालले होते, हे तेव्हासुद्धा माझ्या लक्षात आलं. पुढच्या सीटवरची बाई नवऱ्याला म्हणाली, "दोघं बी मुकी दिसत्यात, बिचारी." मी वाकून म्हटलं, "बाई, मी बी.ए. आहे." ती इतकी दचकली की तिच्या पिशवीतली लिंबं खाली पडली. अण्णाला काय झालं ते कळलं नाही, पण लिंबं गोळा करताना तो हसत होता. माझ्यावरचा राग मात्र गेला नाही.

पुढचा प्रयोग निपाणीला होता. तो अण्णानंच आणला होता, सरांच्या मागं लागून. वखारीचं आवार, जिथं बोदांचं वजन करतात तो दगडी कट्टा, रविवारची चारची वेळ. बेळगावचं झाल्यावर अण्णा म्हणाला, "निपाणीला चोच नको." सर म्हणाले, "आवाज नसेल तर प्रयोग नाही. आपण कुणालाही बाहेर ठेवत नाही." मी दोघांच्या मधे. त्या आठवड्यात मी निपाणीला गेले तेव्हा आप्पांना विचारलं, येणार ना? आप्पा तंबाखू मळत होते. "तू बोलणार असशील तर येतो. न्हायतर मुक्याचा खेळ बघून मला काय कळणार हाय? घरात रोज बघितलाच की."

आई म्हणाली, "अवो, असं काय बोलता?"

"खरं ते बोललो. त्याला सांगू नको."

मी सांगितलं. माझ्यात लपवाछपवी नाही. अनगोळच्या खोलीत अण्णा स्टोव्हला पंप मारत होता, त्याच्या समोर बसून सांगितलं, शब्दाला शब्द. तो बराच वेळ पंप मारत राहिला, स्टोव्ह भसाभसा पेटला. मग म्हणाला, "मग ये. आप्पा यायला पायजेत." त्याला आप्पांचं हसू पाहिजे होतं, दुसऱ्या कुणाचं नाही आलं तरी चाललं असतं, आणि ते त्याला स्वतःच्या हाताचं पाहिजे होतं, माझ्या तोंडाचं नाही. आणि आप्पा येणार होते माझ्या तोंडासाठी. याला तोड काय?

आम्ही एक करून बघितलं. आधी त्याचे हात, मग माझं वाक्य. अंडं दिसल्यावर मी म्हणायचं, "अंडं घातलं." सर म्हणाले, "आकाशवाणीच्या बातम्या वाटतात, कालच्या." खरंच वाटत होत्या. अण्णानंही कपाळावर हात मारला. तसेच आम्ही निपाणीला गेलो, काही न ठरता. गाडीत मला बसवेना. सगळा रस्ता मी दारापाशी दांडा धरून उभी होते, सीट रिकामी असून.

आवारात पोती अंथरली होती. गल्लीतल्या बायका पुढं, आई त्यांच्यात. काही जणी सूप घेऊनच आल्या होत्या, संध्याकाळी बिड्या द्यायच्या होत्या ना. बहिरी पोरं एका बाजूला. हमाल मागं बोदांच्या थप्पीला टेकून. आप्पा सगळ्यात शेवटी, एक पाय बाहेरच्या बाजूला टाकून, म्हणजे उठून जायला बरं. सारखं कुणीतरी शिंकत होतं. त्यानं एक बरं झालं, बहिऱ्या पोरांना वाटलं निपाणीचे लोक स्वतःच्या गावाचं नाव घेतायत. त्यांच्यात आधीच हशा पिकला होता.

मी कोपऱ्यात उभी राहिले आणि सुरू केलं, बोलून आणि खुणेनं. बस निघाली, प्रवासी चढले. हात परत तोंडामागं फरफटायला लागले. बायका माझ्याकडं बघत होत्या, कट्ट्याकडं नाही. गल्लीतली पोरगी साडी नेसून बोलती आहे, हेच त्यांना नाटक. अण्णा चढला. कोणी एक खुसखुसली, "अगं बया, ह्यो आपला!" त्यानं तो हशा बघितला आणि त्याचे खांदे ताठ झाले. मी बघत होते.

कोंबडीनं पदरातनं डोकं काढलं. मी म्हटलं, "आणि म्हातारीच्या पदरात..."

"काय हाय रं पदरात?"

आईचा आवाज. तिनं जन्मात नाटक बघितलं नव्हतं. तिथं गप्प बसायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मांडीवर सूप होतं, दोन्ही हात बिडीत होते, आणि समोर अण्णा काहीतरी सांगत होता. तिनं हनुवटी उडवली, उंबऱ्यात बसून उडवायची तशीच.

अण्णानं ती हनुवटी बघितली. कंडक्टरकडं पाठ फिरवली आणि आईकडं वळून कोंबडीची मान वर काढली, टकाटका हलवली.

"साप हाय?" शेजारची म्हणाली. हनुवटी वर. अण्णानं कपाळावर हात मारला.

"अगं चोच हाय त्याला! पोपट?"

"पोपट कुठला एस.टी.त? कोंबडी! कोंबडी हाय का रं?"

अण्णानं टाळी वाजवायला हात उचलले, पण डावा हात कोंबडी होता. मग त्यानं उजव्या हातानं कोंबडीच्याच डोक्यावर टपली मारली. कोंबडीनं चिडून त्याला टोचलं. हे नाटकात नव्हतं. आवार हसलं, आणि हसलं ते टोचल्यावर, आधी नाही.

माझं वाक्य तोंडातच होतं. सर कडेनं दात आवळून म्हणाले, "बाई, पुढं बोला, गोंधळ होतोय." मी हात खाली घेतले. साडीच्या घोळात धरून ठेवले, नाहीतर ते राहिले नसते. आणि बोलले, सांगितलं काहीच नाही, विचारलं. कट्ट्याच्या कडेला चढून बसमधल्या आगाऊ बाईगत विचारलं, "काय वो म्हातारबाई, पोटात कसली कळ म्हणायची ही?" हनुवटी उडवून. अण्णानं माझ्याकडं बघितलं. नाटक चालू असताना, पहिल्यांदा. आणि उत्तर दिलं. उत्तर त्याच्या हातात होतं, आणि ते पाहिजे असेल तर त्याच्याकडंच बघायला लागत होतं. बायका माना वर करून बघायला लागल्या. मागचे हमाल थप्पीवरून पुढं सरकले.

मग सगळं शांत झालं. म्हातारीचे डोळे गोल झाले. हात पदराखाली जायला लागला. माझ्या जिभेवर 'अंडं' नुसतं नाचत होतं. मी ओठ मिटून घेतले.

"काय झालं?" पुढनं कुणी विचारलं.

"मेली वाटतं कोंबडी," दुसरी.

आणि सगळ्यात मागनं, वखारीत बोदं मोजताना लागतो त्या आवाजात, आप्पा ओरडले, "अरं, पिल्लं झाली काय?"

अख्खं आवार आप्पांकडं वळलं. एक हमाल म्हणाला, "आप्पा, कोंबडीला एकदम पिल्लं व्हत्यात व्हय? तुमच्यात होत असतील." आप्पा उभे होते. हनुवटी वर उडालेली होती. त्यांना ती उडवता येते हे मला माहीत नव्हतं. अण्णानं इतक्या माणसांवरून ती नेमकी बघितली. मूठ बाहेर आली होती. ती त्यानं उघडायची थांबवली. आप्पांकडं बघून सावकाश मान हलवली, न्हाय. आप्पांनी परत हनुवटी उडवली. मग काय?

अण्णानं मूठ उघडली.

काय हसले लोक. बहिऱ्या पोरांनी जमिनीवर पाय आपटले, बायकांच्या सुपातली पानं उडाली, सगळं एकाच वेळी. आप्पा हसत होते. त्यांच्या हसण्याला आवाज नसतोच, नुसता पोटातला भाता हलतो, लांबून दिसतो. अण्णाला तो दिसला. तो कट्ट्यावर तसाच तळहात पुढं करून उभा राहिला, कंडक्टर तिकिटासाठी ताटकळत असताना. शेवटी कंडक्टरनंच तो हात ओढून अंडं घेतलं.

प्रयोग लांबला. सर माझ्यावर भडकले होते. "शिस्त म्हणून काही राहिली नाही. पुढच्या वेळी दोन्ही एकदमच झालं पाहिजे." मी म्हटलं, "सर, माझ्याच्यानं होणार नाही. मला दोन्ही येतं म्हणूनच सांगते." ते पुढं चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच एक दिवस अनगोळला आले, नाटकात बसमध्ये आणखी एक आगाऊ बाई घालायची का, म्हणून विचारायला.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळा गाठायची होती, पहिली गाडी पकडायची होती. पिशवी भरून मी उगाच दारातनं आत, आतनं दारात करत होते. अण्णा भिंतीला टेकून चहा पीत होता. आप्पा वखारीला निघाले होते, पटका बांधून झाला होता, तरी निघत नव्हते. मग ते अण्णासमोर येऊन उकिडवे बसले. अण्णाला कळावं म्हणून ते नेहमी पायानं जमीन बडवायचे. त्या दिवशी नुसते बसले. खांद्यावरच्या टॉवेलखाली हात घातला आणि कोंबडी केली. ती कोंबडी नव्हती, घोरपड असावी. अण्णानं कप खाली ठेवला, आप्पांचं मनगट धरलं, वाकवलं, बोटं जुळवून दिली. आप्पा वैतागले. "व्हय व्हय, कळलं." मग मोकळा तळहात पुढं केला आणि हनुवटी उडवली.

त्यांना विचारायचं होतं, अंडं कुठनं काढलंस?

त्यांनी अंडं बघितलं होतं. एवढ्या लांबनं, पांढरंशुभ्र. रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच असावं, की पोरानं लुगड्यात अंडं ठेवलं कुठं आणि ते फुटलं कसं नाही.

मी म्हटलं, "आप्पा, अहो..." आणि हातही उचलले. सवयच ती. आप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. अण्णानं बघितलं. त्यानं आप्पांच्या डोळ्याआड एक हात कानापाशी नेला, माझी चोच केली, आणि बोटं घट्ट मिटली.

मी पिशवी उचलली, परत खाली ठेवली. अण्णानं दोन्ही तळहात आप्पांपुढं उघडून दाखवले. रिकामे. आप्पांनी ते उलटेसुलटे करून बघितले. "लबाडा," म्हणाले, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून शोधायला लागले.